फी शून्य, मग बारा लाख कशाचे?

‘जर्मनीत शिक्षण फुकट आहे’ हे वाक्य पुणे, नाशिक, सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत तिसऱ्या वर्षापासून कानावर पडू लागतं. शेवटच्या वर्षी ते घरी पोचतं आणि आई-वडिलांचा पहिला प्रश्न येतो: फुकट आहे ना, मग बँकेत बारा लाख कशाला भरायचे? प्रश्न अगदी रास्त आहे. परदेशी शिक्षणाची स्वस्ताई आपण फीच्या आकड्यावरून जोखतो. जर्मनीच्या बाबतीत फी हा या व्यवहारातला सगळ्यात छोटा आकडा असतो आणि घर दमतं ते बाकीच्या आकड्यांनी.

आधी जे खरं आहे ते. जर्मनीत उच्च शिक्षण हा विषय तिथल्या सोळा राज्यांच्या हातात आहे. यातल्या बहुतेक राज्यांच्या सरकारी विद्यापीठांत बॅचलर आणि बहुसंख्य मास्टर्स अभ्यासक्रमांना शिकवणीची फी नाही. जर्मन मुलाला नाही, तशी साताऱ्याच्या मुलालाही नाही. दर सेमिस्टरला साधारण १०० ते ३५० युरो भरावे लागतात. त्यात वसतिगृहं आणि कँटीन चालवणाऱ्या संस्थेची वर्गणी असते आणि पुष्कळ ठिकाणी बस-लोकलचा पासही त्यातच येतो. २०२४-२५ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत जवळपास ५९ हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत चिन्यांना मागे टाकून आपला पहिला नंबर लागला त्याला आता काही वर्षं झाली.

ही फुकटाई कायमची कोरलेली आहे असं मात्र कुणी समजू नये. जानेवारी २००५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने राज्यांना फी आकारायची मुभा दिली आणि काही राज्यांनी लगेच सेमिस्टरला ५०० युरोंपर्यंत फी लावली. विद्यार्थी रस्त्यावर आले, निवडणुकांत तो मुद्दा झाला. हेसेनने २००८ मध्ये फी मागे घेतली. बव्हेरियात २०१३ साली दहा टक्क्यांहून जास्त मतदारांनी फीविरोधी मागणीवर सह्या केल्या आणि विधिमंडळाला नमतं घ्यावं लागलं. लोअर सॅक्सनीने २०१४ मध्ये सर्वांत शेवटी ती काढली. म्हणजे आपल्या मुलांना आज जे फुकट मिळतं ते जर्मन मतदाराने स्वतःच्या मुलांसाठी भांडून मिळवलेलं आहे. परदेशी मुलं त्या छत्रीखाली उभी आहेत, आणि छत्रीचा तेवढाच कोपरा दुमडायला सुरुवात झाली आहे.

बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी लावली. श्टुटगार्ट, कार्ल्सरुहे, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग ही मोठी नावं याच राज्यातली. गंमत म्हणजे महाराष्ट्राचं जर्मनीतल्या ज्या राज्याशी सर्वांत जास्त सख्य आहे ते हेच. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत आणि महाराष्ट्रातलं कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा २०२४ चा करारही याच राज्याशी झाला. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून आणखी मोठी उडी घेतली. तिथे बाहेरच्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी विषयानुसार सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो लागतात. चार सेमिस्टरचे १६ ते २४ हजार युरो झाले. युरो सोयीसाठी शंभर रुपये धरला, तर १६ ते २४ लाख. (बाजारात तो त्याहून थोडा महागच मिळतो.) काही सवलती आहेत, पण ‘फुकट जर्मनी’च्या यादीतून हे नाव आता खोडायला हवं. उत्तरेकडचे देश या वाटेने आधीच गेले. डेन्मार्कने २००६, स्वीडनने २०११, फिनलंडने २०१७ आणि नॉर्वेने २०२३ मध्ये युरोपाबाहेरच्यांना फी लावली. त्यामुळे चार वर्षांपूर्वी गेलेल्या चुलतभावाचा सल्ला प्रेमाने ऐकावा आणि आकडे मात्र विद्यापीठाच्या आजच्या पानावर पाहावेत.

आता ते बारा लाख. व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आगाऊ भरावे लागतात. ही फी नव्हे. पैसे तुमचेच राहतात. तिकडे पोचल्यावर त्यातून दर महिन्याला ९९२ युरो तुमच्या खात्यात सुटतात, एकदम उचलता येत नाहीत. ९९२ हा आकडाही हवेतून आलेला नाही. जर्मन विद्यार्थ्याला सरकारी शिक्षण-साहाय्य जास्तीत जास्त जेवढं मिळू शकतं, तेवढाच तो आहे. सरकारचं म्हणणं साधं आहे: आमच्या मुलाला जगायला एवढे लागतात, तुमच्याकडे तेवढे आहेत हे आधी दाखवा.

यात एक बारीक खाच आहे आणि ती पहिल्या महिन्यात टोचते. खात्यातून पैसे सुटायला तिथे बँकेचं चालू खातं लागतं आणि अनेक बँका त्यासाठी पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात. पत्ता नोंदवायला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. घरमालकाला हातात चावी देण्याआधी पहिलं भाडं आणि अनामत हवी असते, आणि ही अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते. थोडक्यात, बारा लाख जर्मनीत तुमच्या नावावर पडलेले असतात आणि खिसा रिकामा असतो. म्हणून दीड-दोन हजार युरो वेगळे, फॉरेक्स कार्डवर किंवा हातात, न्यायलाच हवेत. हे दीड-दोन लाख बऱ्याच घरांच्या हिशोबात धरलेलेच नसतात. मग विमानाच्या तिकिटाच्या आठवड्यात मामाकडे फोन जातो.

महिन्याचे ९९२ पुरतात का? हे शहरावर ठरतं. विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली, तर भाडं साधारण ३०० युरोंच्या आसपास पडतं. सरकारी आरोग्य विमा तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला दीडशेच्या घरात, आणि तो सक्तीचा. घरी स्वयंपाक केला तर किराणा दोनशेत बसतो. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, तिला तिथे ‘मेन्सा’ म्हणतात, तीन-चार युरोंत गरम जेवण होतं. शाकाहारी माणसाचे हाल होतात ही जुनी गोष्ट झाली, कुकर मात्र इथूनच न्यावा. सेमिस्टरची वर्गणी महिन्याला विभागून पन्नास, मोबाइल दहा-पंधरा. शिवाय रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी आहे, घरामागे महिना १८.३६ युरो. तुमच्याकडे टीव्ही नसला तरी ती द्यावीच लागते, एका घरात चौघे राहत असतील तर चौघांत वाटली जाते. अशी बेरीज साडेसातशेच्या आगेमागे जाते आणि उरलेल्यात कपडे, हिवाळी बूट, एखादा प्रवास निघतो.

हाच मुलगा म्युनिकला खासगी फ्लॅटमधली एक खोली घेऊन राहिला, तर नुसत्या खोलीला आठशे युरोंच्या जवळ मोजतो. केम्नित्ससारख्या पूर्वेकडच्या शहरात तशीच खोली तीनशेच्या आसपास मिळते. महिन्याला पाचशे युरोंचा फरक म्हणजे दोन वर्षांत बारा लाख रुपये! विद्यापीठं निवडताना मुलं रँकिंगचे तक्ते तासन् तास चाळतात आणि शहराच्या भाड्याकडे नजरही टाकत नाहीत. माझ्या मते अर्ज करण्याआधी पाहायची ती पहिली गोष्ट. वसतिगृहासाठी प्रतीक्षायादी असते, ती काही शहरांत अनेक महिन्यांची असते, म्हणून प्रवेशपत्र हातात पडलं त्याच दिवशी तिथेही अर्ज टाकावा. आणि जाहिरातीतलं भाडं ‘थंड’ की ‘गरम’ हे विचारावं. ‘थंड’ भाड्यात हीटिंग, पाणी, कचरा धरलेला नसतो.

‘पार्ट-टाइम करून भागवेन’ हे वाक्य व्हिसाच्या मुलाखतीत बोलू नये आणि घरीही बोलू नये. कायद्याने वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२४ च्या मार्चपर्यंत ही मर्यादा १२० आणि २४० होती. विद्यापीठातल्या साहाय्यकाच्या नोकऱ्या, ज्यांना मुलं ‘हीवी’ म्हणतात, या मोजणीत येत नाहीत. तासाचं किमान वेतन २०२५ मध्ये १२.८२ युरो होतं, २०२६ पासून १३.९० झालं. कागदावर हे झकास दिसतं. पण दुकानात, हॉटेलात काम मिळायला कामापुरती जर्मन लागते आणि पहिलं सेमिस्टर घर, नोंदणी, विमा आणि अभ्यासाची गती सांभाळण्यातच जातं. पहिल्या वर्षाचा हिशोब कमाई शून्य धरूनच मांडावा. पुढे जे मिळेल ते व्याज फेडायला उपयोगी पडेल.

खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा मात्र कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो: लांबलेलं सेमिस्टर. मास्टर्स कागदोपत्री चार सेमिस्टरचं असतं. पुष्कळांना पाच-सहा लागतात, कारण परीक्षा पुढे ढकलता येते, इंटर्नशिप मध्ये येते, प्रबंध रेंगाळतो. फी नसल्यामुळे घाई वाटत नाही. पण दर जादा सेमिस्टरला सहा महिन्यांचं जगणं, म्हणजे सहा लाखांच्या घरातला खर्च येतो. आपल्याकडच्या ‘केटी निघेल पुढच्या वेळी’ या सवयीला तिथे फारसा थारा नाही. बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला साधारण तीनच संधी असतात. अनिवार्य विषयात तिन्ही गेल्या की नाव कमी होतं आणि त्याच अभ्यासक्रमाला जर्मनीत दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही.

प्रवेशाच्या बाबतीत एक हिशोब घरबसल्या करता येतो. आपला सीजीपीए जर्मन श्रेणीत बदलायला एक सूत्र वापरतात. सर्वाधिक शक्य गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वाधिक आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. जर्मनीत १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ म्हणजे काठावर पास. समजा १० पैकी ७.२ सीजीपीए आहे. उत्तीर्ण व्हायला किमान ४ लागत असतील, तर जर्मन श्रेणी २.४ येते. किमान ५ धरले, तर तीच श्रेणी २.६८ होते. अनेक अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते. म्हणजे त्याच गुणपत्रिकेवर एक आत आणि एक बाहेर! म्हणून कॉलेज सोडण्याआधी किमान उत्तीर्ण श्रेणी स्पष्ट लिहिलेलं विद्यापीठाचं पत्र मिळवून ठेवावं. गुणपत्रिकेच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या तक्त्यावर विसंबू नये. गुणांइतकीच विषयांची जुळणीही पाहतात. मेकॅनिकलच्या मुलाने डेटा सायन्सला अर्ज टाकला आणि गणित-संगणकाचे ठरावीक क्रेडिट भरले नाहीत, तर नऊ सीजीपीएलाही नकार येतो.

बारावीनंतर लगेच जायचं म्हणणाऱ्यांसाठी गणित वेगळं आहे. नुसत्या बारावीवर थेट प्रवेश मिळत नाही. भारतात पदवीचं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलेलं असावं, तांत्रिक विषयांसाठी जेईई अॅडव्हान्स्ड पार केलेली असावी, नाहीतर तिथे वर्षभराचा पूर्वतयारी वर्ग करावा लागतो. शिवाय बॅचलरचं शिक्षण बहुतांशी जर्मनमध्ये. पैसे वाचवण्याच्या दृष्टीने पदवी इथे आणि मास्टर्स तिथे, हाच मार्ग बऱ्याच घरांना झेपतो.

कागदपत्रांत १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्राची भर पडली. भारतातली गुणपत्रिका खरी आहे याची ती खातरजमा. फी १८ हजार रुपये. विद्यापीठांसाठी अर्ज गोळा करणारी ‘युनी-असिस्ट’ ही संस्था पहिल्या अर्जाला ७५ आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो घेते. आठ अर्ज केले तर २८५ युरो. इंग्रजीची परीक्षा, व्हिसाचे ७५ युरो, जर्मनचे वर्ग आणि तिकीट धरून जाण्याआधीच दीड लाखाच्या आसपास खर्च होतो. वेळेचंही तसंच. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि सर्वसाधारण शेवटची तारीख १५ जुलै असते, पण युरोपाबाहेरच्यांसाठी आखेनसारख्या ठिकाणी ती मार्चच्या सुरुवातीलाच संपते. म्हणजे एपीएस आणि इंग्रजीचा निकाल आदल्या दिवाळीपर्यंत हातात हवा.

आता कर्ज. बँकेत गेल्यावर पहिली अडचण तारणाची. गावाकडे सात-बारावर कितीही एकर असली, तरी शैक्षणिक कर्जाला बँका सहसा शेतजमीन घेत नाहीत. गुंठेवारीतल्या प्लॉटवरही हरकत निघते. त्यांना हवा असतो स्वच्छ कागदांचा फ्लॅट, बिगरशेती जागा किंवा मुदत ठेव. तारण नसेल तर खासगी वित्तसंस्था देतात, पण दर चढा. दुसरी अडचण कमी लोकांच्या लक्षात येते. फीवाल्या देशात बँक दर सेमिस्टरला थोडेथोडे पैसे सोडते, व्याजही तसंच हळूहळू वाढतं. जर्मनीच्या कर्जात ब्लॉक्ड अकाउंटसाठी बारा लाख एकरकमी जातात आणि पहिल्या दिवसापासून सगळ्या रकमेवर व्याज चालू होतं. समजा १५ लाख एकदम उचलले, दर १० टक्के आणि परतफेड तीन वर्षांनी सुरू. तोवर सरळव्याजच साडेचार लाख होतं. ते मुदलात मिळवून दहा वर्षांत फेडायचं, तर हप्ता २५,८०० रुपयांच्या आसपास बसतो. नोकरी जर्मनीत लागली तर हा हप्ता किरकोळ. इथे परत येऊन सुरुवातीच्या पगारावर फेडायचा, तर निम्मा पगार त्यातच जातो. शिक्षणानंतर नोकरी शोधायला जर्मनी १८ महिने राहू देते. त्या १८ महिन्यांचा खर्चही कुणाला तरी उचलावा लागतो. एक लहानसा दिलासा आहे: शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत ‘८० ई’ खाली आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते.

मराठी माणसाला हा व्यवहार नवा नाही. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या त्या जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर. सासरे, साक्षात धोंडो केशव कर्वे, त्यांच्या जाण्याच्या विरोधात होते. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानाच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, मुदत तीन वर्षं. आज महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. सारथी आणि इतर विभागांच्या योजना आहेत, केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, आणि १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीही आहे. सरकारी योजनांत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. जर्मनीतली ‘होखशूले’ म्हणजे उपयोजित शिक्षणाची कॉलेजं उत्तम असली, तरी ती त्या क्रमवारीत येतच नाहीत. शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर विद्यापीठांची यादी त्या निकषावरूनच करावी लागते. तिकडे गेल्यावर महिना ३०० युरोंची ‘डॉइचलांडश्टिपेंडियुम’ राष्ट्रीयत्व न पाहता मिळू शकते. निम्मे पैसे केंद्र सरकारचे, निम्मे खासगी देणगीदारांचे.

राहता राहिले सल्लागार, म्हणजे एजंट. यातले काही प्रामाणिक आहेत. पण फी न घेणारं सरकारी विद्यापीठ एजंटला कमिशन कुठून देणार? खासगी विद्यापीठ देतं. म्हणून ‘जर्मनीला पाठवतो’ म्हणून सुरू झालेलं बोलणं बर्लिनमधल्या वर्षाला दहा-पंधरा हजार युरो फीच्या खासगी कॉलेजावर येऊन थांबतं आणि वर ‘प्रवेश पक्का, जर्मन नको’ असं सांगितलं जातं. २०२५ मध्ये बर्लिनच्या एका खासगी विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांना देश सोडण्याच्या नोटिसा आल्या, कारण त्यांचा अभ्यासक्रम प्रत्यक्ष हजेरीचा नसून बराचसा ऑनलाइन आहे, असं तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाने ठरवलं. मुलांनी लाखो रुपये आधीच भरले होते.

कुठल्याही सल्लागाराला पहिला रुपया देण्याआधी विद्यार्थ्याने स्वतः ‘होखशूलकोम्पास’ या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव टाकावं. जर्मन विद्यापीठांच्या संघटनेचं ते अधिकृत दालन आहे. संस्था सरकारी की खासगी हे तिथे लिहिलेलं असतं. अभ्यासक्रमाची फी, भाषा आणि शेवटची तारीख ‘डाड’ या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या यादीत मिळते. दोन्ही इंग्रजीत आहेत आणि दोन्हींना पैसे पडत नाहीत.